कच्चा टाका

सरांच्या वर्गात शिरणं अगदी सोपं होतं. उशिरा या, चहा पीत या, दुसऱ्याच वर्गातले असाल तरी या, सर काही म्हणायचे नाहीत. अवघड होतं ते बाहेर पडणं.

तास संपला की सर आमच्या आधी बाहेर जायचे आणि दाराच्या पलीकडं, व्हरांड्यात, नखं कापायची छोटी कात्री उघडून उभे राहायचे. आम्ही उस्मानाबादच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, सूक्ष्मजीवशास्त्राला मोजून बारा जण. प्रत्येकानं कागदाच्या एका पट्टीवर त्या दिवशी पडलेला एक प्रश्न लिहायचा. पट्टी पांढऱ्या दोऱ्यानं शर्टाच्या बटणाला बांधायची, मुलींनी बाहीच्या बटणाला, आणि मग उंबरठा ओलांडायचा. ओलांडला की सर दोरा कापायचे, पट्टी ठेवून घ्यायचे आणि म्हणायचे, "हं, आता जा." पट्टी नसली तर आत बसा. एका मुलाला परंड्याची बस गाठायची होती, तो खिडकीतून उडी मारून पळाला. आम्हाला वाटलं, उद्या याचं काही खरं नाही. पण सर दुसऱ्या दिवशी खुशीत होते. "मंडळींतबी असं हुतं," ते म्हणाले. "भिंत फोडली की समदंच भायेर येतंय. फकस्त मागं पेशी उरत न्हाय."

मंडळी म्हणजे जिवाणू. सर त्यांना दुसऱ्या नावानं क्वचितच हाक मारायचे. सर मूळचे अणदूरचे. फळ्याकडं तोंड करून बोलायचे तेव्हा भाषा पुस्तकी असायची, पण विषयाची गोडी लागली की वळून गावच्या बोलीत शिरायचे. शिकवताना सर वळले की आम्ही पेन खाली ठेवायचो, कारण आता जे येणार ते विसरायची सोयच नसायची.

त्या पट्टीमागचं शास्त्रही त्यांनी असंच वळून सांगितलं होतं. जिवाणू आपल्या पोटात प्रोटीनं तयार करतो. काही घरातच लागतात, काही बाहेर पाठवायची असतात. बाहेर जाणाऱ्याच्या पुढच्या टोकाला एक लहानशी पट्टी जोडलेली असते. ती म्हणजे चिठ्ठी, याला दारापर्यंत न्या आणि बाहेर सोडा. दार ती चिठ्ठी ओळखतं, प्रोटीन दोऱ्यासारखं ओवून पलीकडं काढतं. आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला एक एन्झाइम बसलेलं असतं, त्याचं काम एवढंच की चिठ्ठी कापायची. "न्हाय कापली तर?" सर विचारायचे आणि स्वतःच सांगायचे, "तर गडी भायेर येऊनबी दारालाच लटकून ऱ्हातो. ना घरचा ना भायेरचा." परदेशात कुणीतरी ही कात्री बनवायची कृती लिहिलेला जीनच शोधून काढला होता. ती बातमी छापलेलं मासिक सरांच्या एका मित्राकडून टपालानं कधीच्या काळी आलं, तेव्हापासून सर व्हरांड्यात कात्री घेऊन उभे राहू लागले. ते स्वतःला एन्झाइम समजायचे.

कापलेल्या पट्ट्या ते डालड्याच्या रिकाम्या डब्यात साठवायचे आणि रविवारी बसून उत्तरं लिहायचे. मी एकदा वैतागून लिहिलं होतं, "सर, तुम्हाला रोज तेच शिकवून कंटाळा येत नाही का?" सोमवारी पट्टी परत आली, मागं लिहिलेलं, "येतो. पण मंडळी दर वीस मिनिटांनी नवी होतात, मग मला लाज वाटते."

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. निर्जंतुक करायला घरचा प्रेशर कुकर होता, त्याची शिट्टी झाली की शेजारच्या इतिहासाच्या वर्गाला भूक लागायची. उबवणीसाठी लाकडी पेटी आणि आत एक बल्ब. लाइट गेली की सर परीक्षानळ्यांना बूच लावून त्या सदऱ्याच्या आत पोटाशी बांधायचे. "सदतीस अंशाची पेटी हाय ही," पोटावर थाप मारून सांगायचे, "हिला लाइट लागत न्हाय." एका विद्यार्थ्याच्या लग्नात ते असेच नळ्या बांधून जेवायला बसले होते. आग्रह करणाऱ्यानं पोटाला हात लावला, तर आतून काच वाजली. त्यानं ताटात जिलबी वाढायची थांबवली.

पाण्याची तर ओरडच होती. त्या वर्षी पाऊस रुसला होता, गावात टँकर यायचा, कॉलेजात दोन पिंपं. सर आठवड्यातून दोनदाच अंघोळ करतात हे ते स्वतःच अभिमानानं सांगायचे आणि वर अंगावरच्या मंडळींना किती बरं वाटत असेल याचं वर्णनही करायचे. आम्ही मुली पहिल्या बाकावरून तिसऱ्या बाकावर सरकलो ते त्याच आठवड्यात.

आणि दूध. सकाळी तेर गावच्या बाजूनं दूध संघाची गाडी यायची, सर रस्त्यातच ती थांबवून प्रत्येक गावच्या कॅनमधलं थोडं थोडं दूध बाटलीत घ्यायचे. दूध का नासतं, कडू का होतं, याचं त्यांना वेड होतं. ते दूध आगर नावाच्या गोठणाऱ्या खळीत मिसळून काचेच्या बशीत ओतायचे, बशी पांढरी व्हायची. तिच्यावर मंडळी वाढवली की काही ठिपक्यांभोवती पांढऱ्यात काचेसारखं स्वच्छ वर्तुळ पडायचं. म्हणजे त्या जिवाणूनं दुधाचं प्रोटीन तोडणारं एन्झाइम बाहेर सोडलं आणि भोवतालचं दूध पचवलं. एका बशीत मात्र एक ठिपका होता, गलेलठ्ठ, पण भोवती वर्तुळ नाही. सर त्याला पुन्हा पुन्हा नव्या बशीत घालायचे, तो वाढायचा, वर्तुळ नाही ते नाहीच. पेशी वाटून बघितल्या तर आत एन्झाइम होतं. "पोटात समदं हाय ह्याच्या," सर म्हणायचे, "भायेर का येत न्हाय, मला ठाऊक न्हाय." हे 'मला ठाऊक न्हाय' ते फार प्रेमानं म्हणायचे.

त्या ठिपक्याचं मला जरा जास्तच वाटायचं. त्याला कारण होतं. आमच्या विषयाला तिसऱ्या वर्षाची मान्यता नव्हती. विद्यापीठाची समिती येणार, बघणार आणि ठरवणार. मान्यता मिळाली तर मी इथंच पदवीधर होणार. नाही मिळाली तर सोलापूरला जावं लागणार, आणि अब्बांनी आधीच सांगून टाकलं होतं, "सोलापूर में किसके घर रहेगी? नै जमता. दुकान में बैठ, काज-बटन कर."

अब्बांचं शिंप्याचं दुकान एस.टी. स्टँडसमोर होतं. ते वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. मुलीला दृष्टीआड करायचं म्हटलं की त्यांचा हात मशीनच्या चाकावरच थांबायचा. दुकानात त्यांचे दोन कायदे होते. एक, कच्चा टाका राहिलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. आणि दुसरा, कापडाच्या मोठ्या कात्रीनं कागद कापायचा नाही. कागदानं धार जाते. आमच्या अम्मीनं एकदा त्या कात्रीनं लग्नपत्रिकेतला मोर कापून घेतला, तर दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

समिती यायच्या दिवशी सरांची छोटी कात्री हरवली. सकाळपासून सगळे शोधत होतो. सर दोन्ही हात पसरून म्हणाले, "एन्झाइमच गेलं. आता काय दाखवू?" मला त्यांचं ते तोंड बघवेना. मी धावत दुकानात गेले. अब्बा नमाजला गेले होते. मी फळीवरची मोठी कात्री उचलली, ओढणीत गुंडाळली आणि आणली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पट्ट्या कापायच्या राहिल्या होत्या, आणि त्याही मी त्याच कात्रीनं कापल्या. चांगल्या पन्नासेक.

समितीत तिघं होते. दोघं गप्प होते, बोलायचे ते अध्यक्षच. भर उन्हाळ्यात त्यांनी राखाडी कोट घातला होता. त्यांनी कुकर बघितला, बल्बची पेटी बघितली, पाण्याचं पिंप उघडून बघितलं आणि ते तळाला गेलेलं बघून झाकण अलगद परत ठेवलं. सगळं मिळून दहा मिनिटं. आमचे प्राचार्य नुसते घाम पुसत होते. अध्यक्ष दाराकडं निघाले, आणि दारात सर.

"साहेब, पट्टी."

प्राचार्यांनी डोळे मिटले. आता हे आवरा, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं, पण म्हणणार कोण? सरांनी ती पद्धत समजावून सांगितली. अध्यक्ष हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पट्टी घेतली, काहीतरी लिहिलं, आणि मी ती त्यांच्या कोटाच्या बटणाला बांधली. त्यांनी उंबरठा ओलांडला. सरांनी ती मोठी कात्री चालवली. दोरा कापला गेला नाही, चावला गेला. कागदानं धार गेली होती. सरांनी जोर लावला. कचकन आवाज झाला, दोरा तुटला, पट्टी सरांच्या हातात आली, आणि कोटाच्या काठाला बोटभर चीर पडली.

सरांनी ती चीर वाकून बघितली आणि जे म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "चुकीच्या जागी कापलं."

मी परत दुकानाकडं धावले. पळताना मनात जुळवाजुळव चालली होती, आधी काय सांगू, कात्री नेली हे, की कागद कापला हे, की साहेबांचा कोट कापला हे. शेवटी तिन्ही एका दमात सांगितलं. अब्बांनी ऐकलं, सुई-दोऱ्याची डबी आणि बोटात घालायचा अंगुस्ताना खिशात टाकला आणि निघाले. कॉलेजात पोचल्यावर त्यांनी कोटाकडं बघायच्या आधी कात्री उचलली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. मग सरांकडं वळले. "सर, ही कात्री माझी हाय."

"व्हय मास्तर. चूक माझी हाय."

"चूक समद्यांची हाय," अब्बा म्हणाले. "साहेब, कोट काढा. पाऊण तास लागंल."

तर अशा रीतीनं दहा मिनिटांत निघालेली समिती पाऊण तास बसली. अध्यक्ष नुसत्या शर्टात, पंख्याखाली, आणि तो पंखाही लाइट असेपर्यंतच. अब्बा खिडकीशी स्टुलावर बसून रफू करायला लागले. सरांना आता पट्टीची आठवण झाली. त्यांनी ती उघडून मोठ्यानं वाचली. अध्यक्षांनी लिहिलं होतं, "जिथं प्यायला पाणी नाही तिथं हा विषय कशाला?"

सर फळ्याकडं पाठ करून बोलायला लागले, गावच्याच बोलीत. बहात्तरच्या दुष्काळात ते दुष्काळी कामावर खडी फोडायला होते, कॉलेज सोडून. प्यायला एकच बॅरल, त्यात सगळ्यांचे हात. "माझ्या शेजारी बसून खडी फोडणारी एक मावशी हुती. मला तिच्यातली भाकर द्यायची. हगवण लागली आन् तीन दिवसांत गेली. लोक म्हनले, दुष्काळानं खाल्ली. दुष्काळानं न्हाय साहेब, बॅरलातल्या मंडळींनी. पाणी उकळा म्हनून सांगणारं एकबी माणूस त्या कामावर नव्हतं. भरपूर पाणी आसल तिथं मंडळी वाहून जात्यात. जिथं पाणी न्हाय तिथंच हा विषय पायजे."

सरांना मी मंडळींविषयी इतकं गंभीर बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. अध्यक्षांनी खुर्ची पुढं ओढली. सरांनी दुधाच्या बशा काढल्या. वर्तुळं दाखवली, वर्तुळ नसलेला तो हट्टी ठिपका दाखवला. चिठ्ठी, दार, कात्री, सगळं सांगितलं. अध्यक्ष मन लावून ऐकत होते, पण मध्येच म्हणाले, "एक कळत नाही. शेवटी कापूनच टाकायची, तर निसर्ग ती चिठ्ठी जोडतो कशाला? आधीच नको."

हा प्रश्न आमच्यापैकीही कित्येकांनी पट्टीवर लिहिला होता आणि सरांच्या उत्तरानं कुणाचं समाधान झालं नव्हतं. तेवढ्यात खिडकीशी अब्बांनी कोट उचलून झटकला आणि त्यातून एक लांब पांढरा दोरा ओढून काढला.

"हा का काढला?" अध्यक्षांनी विचारलं. आवाजात काळजी होती, कोट त्यांचाच होता.

"कच्चा टाका हाय साहेब," अब्बा म्हणाले. "खालून कापड लावलं, ते हालू नये म्हनून आधी कच्चं केलं. मग पक्कं केलं. आता ह्याचं काम संपलं."

"आणि राहू दिला तर?"

"तर कपडा आंगात नीट बसत न्हाय, वढून धरतो."

"आधीच काढला तर?"

"तर कापड जाग्यावर जाईतच न्हाय," अब्बा म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की खोलीतले सगळे आपल्याकडं बघतायत. त्यांनी घाईनं सुई डबीत ठेवली.

सर उडी मारून फळ्यापाशी गेले. चिठ्ठीचं चित्र पुसलं आणि तिथं टाके काढले, एकामागं एक, शेवटाला गाठ. "मास्तर," ते अब्बांना म्हणाले, "इतकी वर्षं मी हेच हुडकत हुतो आन् तुमी स्टँडसमोर बसला हुता." अब्बा लाजले. त्यांना लाजताना मी तोवर बघितलं नव्हतं.

अध्यक्षांनी कोट घातला, चीर शोधली, सापडली नाही. जाताना मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, कात्री कुणी आणली. मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "पुढच्या वेळी कागदाला वेगळी आण." पुढच्या वेळी, हे शब्द मी रात्रंदिवस मनात घोळवत राहिले. दीड महिन्यानं मान्यतेचं पत्र आलं. प्राचार्यांनी पेढे वाटले. सरांनी आपला पेढा खाल्ला नाही, दोन दिवस टेबलावर ठेवून त्याच्यावर कोण कोण येतं ते बघत बसले. छोटी कात्रीही सापडली, त्यांच्याच पोटाच्या पट्ट्यात, नळ्यांच्या मागं.

तिसरं वर्ष मी तिथंच पुरं केलं. अब्बा आणि सर यांची आता चांगलीच गट्टी जमली होती. संध्याकाळी सर दुकानात येऊन बसायचे, अब्बा शिवायचे, सर बघायचे आणि मध्येच वहीत काहीतरी लिहून घ्यायचे. एकदा मी ऐकलं, सर सांगत होते, "मास्तर, तो आपला वर्तुळ न पडणारा गडी अजून तसाच हाय. पोटात समदं आसून घरात बसलेलं मला बघवत न्हाय." अब्बांनी मशीन थांबवलं. जिवाणूची चौकशी करायला ते मशीन थांबवणारे नव्हते. ते म्हणाले, "औरंगाबादला पोरींचं वसतिगृह हाय म्हनं. तुमी बघितलंय का?" सर म्हणाले, "बघून येतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी एस.टी.नं जाऊन, भिंती, नळ, स्वयंपाकघर, सगळं बघून आले. तिथल्या पिण्याच्या पाण्याची बाटलीही भरून आणली होती. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाले, "पाणी चांगलं हाय." अब्बांना तेवढं पुरलं.

एम.एस्सी.ला निघाले तेव्हा अब्बांनी मला पिस्ता रंगाचा नवा ड्रेस शिवला. सकाळच्या गाडीला स्टँडवर अम्मी, अब्बा आणि सर. सरांचं पोट फुगलेलं दिसत होतं, म्हणजे नळ्या होत्या. मी पायरीवर चढले आणि सरांनी हात पुढं केला. "पट्टी?"

मी पट्टी आणली नव्हती. घाईत सुचलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी एवढे प्रश्न होते की एका पट्टीत मावले नसते. "सर, राहिलं," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

सरांची नजर माझ्या बाहीवर गेली. पिस्ता रंगावर पांढरा दोरा, चांगला दोन बोटं लांब, कच्चा टाका तसाच राहिलेला. त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली, दोरा हळूच कापला, ओढून काढला आणि डब्यात टाकायच्या पट्ट्या ठेवायचे त्याच खिशात ठेवला. "हं," ते म्हणाले, "आता जा."

गाडी येडशीच्या पुढं गेली तेव्हा मला अब्बांची कीव आली. टाका राहिलेला कपडा दुकानाबाहेर न सोडणारा माणूस, आणि स्वतःच्या मुलीच्या बाहीत विसरला. म्हातारे झाले, असं वाटलं.

ईदच्या सुट्टीत घरी आले तेव्हा त्यांना चिडवलं. "अब्बा, बूढे हो गए तुम. बाही में टाका छुट गया था."

अब्बांनी मशीन थांबवलं नाही, मान वर केली नाही.

"छुट्या नै बेटी, मैंच छोड्या था," ते म्हणाले. "काटने का हक उनका था ना."